चालू हंगामात मेसेजवर चालणारं सॉफ्टवेअर कसं थांबवावं

साखर कारखान्याचा हंगाम संपतो तेव्हा बॉयलर सगळ्यात शेवटी थंड करतात. आधी शेतकी विभाग तोडणीच्या चिठ्ठ्या द्यायचं बंद करतो. मग यार्डातल्या गाड्या एकेक करून गव्हाणीत रिकाम्या होतात. शेवटची मोळी गेल्यावरही रस आटवणं, पॅन उतरवणं, साखर पोत्यात भरणं चालूच राहतं. त्याला वाफ लागते, म्हणून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, राखून ठेवलेला असतो. मधेच वाफ तोडली तर टाकीतला रस आंबतो.

मेसेजवर चालणारं, म्हणजे रांगेतून एकेक मेसेज उचलून काम करणारं, सॉफ्टवेअर थांबवायचा क्रमही असाच आहे. आधी येणं बंद करायचं, मग हातातलं संपवायचं, पुढं पाठवायचं ते पाठवायचं, आणि ज्याच्यावर बाकीचे सगळे अवलंबून आहेत ते शेवटी बंद करायचं. सांगायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर एखादं ठरावीक सेटिंग आड येतं. त्या सेटिंगांबद्दलच इथं सविस्तर लिहितोय.

आम्ही विश्रामबागेतल्या ऑफिसातून उसाच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. हंगामात काटा चोवीस तास चालतो. गाडी भरून आली की एक वजन होतं, रिकामी झाली की दुसरं. वजाबाकी होऊन पावती निघते आणि त्याच वेळी एक मेसेज रॅबिटएमक्यूकडे, म्हणजे मेसेज रांगेत सांभाळून पुढं देणाऱ्या ब्रोकरकडे, जातो. तिथं तीन रांगा आहेत. एका रांगेवरचा प्रोग्राम शेतकऱ्याच्या खात्यावर टनेज चढवतो, दुसरा एसएमएस पाठवतो, तिसरा वाहतूकदाराच्या बिलाला नोंद जोडतो.

काही हंगामांपूर्वी रात्री दोन वाजता आम्ही खात्यांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली. प्रोग्राम थांबवला, दहा-बारा सेकंदांत परत सुरू झाला, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एकही चूक नव्हती. सकाळी तासगावकडचे एक शेतकरी पावती हातात घेऊन आले. म्हणाले, "साहेब, मेसेज आला, पण गट ऑफिसात खातं बघितलं तर ऊस न्हाई." पावतीवर भरलेलं वजन २७.४१० टन, रिकामं ७.८६०, निव्वळ १९.५५०. खात्यावर शून्य. कागदी पावत्यांशी ताळा घेतला तेव्हा अशा ३७ पावत्या निघाल्या. सगळ्या रात्री दोनच्या आसपासच्या. पावतीची दुसरी प्रत काट्यावर होती म्हणून त्या हातानं भरता आल्या. कागद नसता तर त्या माणसाचा वर्षाचा घाम आमच्या सर्व्हरच्या मेमरीतून पुसला गेला असता. तेव्हापासून हा विषय मला किरकोळ वाटलेला नाही.

पोच कधी द्यायची, हे आधी ठरवा

थांबवण्याच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी हे बघा, कारण ते चुकलेलं असेल तर पुढचं काही उपयोगाचं नाही. रांगेतून मेसेज उचलणारा प्रोग्राम ब्रोकरला अ‍ॅक पाठवतो, म्हणजे पोच देतो. पोच मिळाली की ब्रोकर तो मेसेज रांगेतून कायमचा काढून टाकतो. आमच्याकडे ऑटो अ‍ॅक चालू होतं. त्यात मेसेज प्रोग्रामकडे पाठवला की रॅबिटएमक्यू तो झाला असंच धरतं. ३७ मेसेज प्रोग्रामच्या मेमरीत डेटाबेसची वाट बघत उभे होते. प्रोग्राम थांबला, ते गेले. ब्रोकरच्या लेखी त्यांची पोच कधीच आली होती.

म्हणून ऑटो अ‍ॅक बंद करा आणि पोच हातानं द्या, तीही डेटाबेसचं कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच. आधी पोच आणि मग कमिट असा क्रम कुठं दिसला तर तो उलटा करा. हाताची पोच असली की प्रोग्राम मेला तरी जोडणी तुटताच रॅबिटएमक्यू बिनपोचेचे मेसेज आपोआप रांगेत परत ठेवतं.

काफ्का या दुसऱ्या ब्रोकरमध्ये एकेका मेसेजची पोच नसते, ऑफसेट असतो, म्हणजे 'इथून पुढं वाचायचं' अशी खूण. ऑटो कमिट तिथं मुळातच चालू असतं आणि दर ५ सेकंदांनी पोल करताना, म्हणजे नवे मेसेज मागताना, ही खूण पुढं सरकते. पोल केलेले मेसेज त्याच थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या त्याच धाग्यावर) संपवून मगच पुढचा पोल करत असाल तर ते चालून जातं. पण मेसेज वेगळ्या थ्रेडकडे सोपवले की काम व्हायच्या आधी खूण पुढं जाते आणि आमच्या ३७ पावत्यांसारखाच प्रकार होतो. काम सोपवत असाल तर ऑटो कमिट बंदच ठेवा.

पहिली पायरी: इशारा प्रोग्रामपर्यंत पोचतो का ते बघा

लिनक्सवर प्रोग्राम थांबवायचा म्हटलं की आधी सिगटर्म येतो, हा १५ क्रमांकाचा सिग्नल. तो प्रोग्रामला पकडता येतो, त्यावर आवराआवर करता येते. ठरलेल्या वेळात प्रोग्राम थांबला नाही तर ९ क्रमांकाचा सिगकिल येतो. तो पकडता येत नाही, टाळता येत नाही.

सांगलीकरांना हे समजावायला मी आयर्विन पुलाचं उदाहरण देतो. कृष्णेचं पाणी तिथं ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. नदी चढायला लागली की सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं सामान वर चढवायला लागतात, गुरं हलवतात. मधला जो वेळ मिळतो त्यात जेवढं हलेल तेवढं आपलं. सिगटर्म आणि सिगकिलच्या मधला वेळ तसाच असतो, आणि तो किती हे तुम्ही प्रोग्राम कशात चालवता यावर ठरतं. डॉकर प्रोग्रामला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. त्याला थांबवायला सांगितलं की लिनक्स कंटेनरला तो मुळातून १० सेकंद देतो. अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं कुबर्नेटिस ३० सेकंद देतं. लिनक्सच्याच सिस्टिमडीची सर्व्हिस असेल तर सहसा ९० सेकंद. तिन्हीकडे हा आकडा वाढवता येतो.

आता कित्येकांना माहीत नसलेली गोष्ट. कंटेनरमध्ये इशारा फक्त १ क्रमांकाच्या प्रोसेसला जातो. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) सुरुवातीची कमांड साध्या ओळीसारखी लिहिली असेल तर डॉकर आधी शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, सुरू करतो आणि शेल तुमचा प्रोग्राम सुरू करतो. मग १ क्रमांक बहुधा शेलकडेच राहतो, इशारा शेलला मिळतो आणि तो पुढं सांगत नाही. तुमचा प्रोग्राम बेखबर काम करत राहतो आणि दहाव्या सेकंदाला मरतो. आमच्याकडे हेही होतं. आमचा आवराआवरीचा सगळा कोड नीट लिहिलेला होता, पण तो एकदाही चाललाच नव्हता. उपाय दोन. एकतर कमांड चौकोनी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, म्हणजे मधला शेल जातो. नाहीतर सुरुवातीची स्क्रिप्ट लागतच असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी एक्झेक लिहा, म्हणजे शेलची जागा प्रोग्राम घेतो.

खात्री करायची पद्धत साधी आहे. सिग्नल पकडणाऱ्या कोडच्या पहिल्याच ओळीत लॉग लिहा: 'थांबण्याचा इशारा मिळाला'. कंटेनर थांबवा आणि लॉग बघा. ओळ नसेल तर पुढची एकही पायरी वाचू नका, आधी हे दुरुस्त करा.

दुसरी पायरी: वेळेचा हिशेब कागदावर मांडा

तुमच्या एका मेसेजला जास्तीत जास्त किती वेळ लागतो? सरासरी नको, सगळ्यात वाईट आकडा हवा. आमच्याकडे खात्याची नोंद क्षणात होते, पण एसएमएस पाठवणाऱ्या सेवेनं उत्तर दिलं नाही तर प्रोग्राम १५ सेकंद वाट बघायचा आणि तसं तीनदा करायचा. म्हणजे ४५ सेकंद, मधले थांबे वेगळेच. डॉकरच्या १० सेकंदांत हे बसणं शक्यच नव्हतं.

आम्ही बाहेरची मुदत ६० सेकंद केली आणि आतली वाटणी अशी ठेवली: येणं बंद करायला ५, हातातलं संपवायला ४०, जोडण्या बंद करायला १०, आणि ५ सेकंद शिलकीत. आतल्या सगळ्या मुदतींची बेरीज बाहेरच्या मुदतीपेक्षा कमी असलीच पाहिजे. एसएमएसच्या सेवेची वाट बघणंही ८ सेकंदांवर आणलं.

इथं लायब्ररीच्या आतल्या मुदती विसरू नका. जावा या भाषेतल्या स्प्रिंग लायब्ररीचा रॅबिटएमक्यूसाठीचा लिसनर कंटेनर (मेसेज घेणारा भाग, डॉकरचा कंटेनर नव्हे) थांबताना हातातल्या कामाची मुळात ५ सेकंदच वाट बघतो. तुम्ही बाहेर ६० सेकंद दिले तरी हा पाचव्या सेकंदाला पुढं सरकतो. स्प्रिंग बूटमध्ये थांबण्याच्या प्रत्येक टप्प्याची मुदत वेगळी असते, ती मुळात ३० सेकंद. हे दोन्ही आकडे बाहेरच्या मुदतीशी जुळवून घ्या.

तिसरी पायरी: चिठ्ठ्या बंद, म्हणजे येणं बंद

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं थोडं रेंगाळतो.

रॅबिटएमक्यूमध्ये इशारा आल्यावर फक्त कन्झ्युमर, म्हणजे रांगेतून मेसेज घेण्याची नोंदणी, रद्द करायचा असतो. चॅनेल (जोडणीतला उपमार्ग) किंवा जोडणी बंद करायची नाही. आधीच उचललेल्या मेसेजची पोच त्याच चॅनेलवरून जायची असते, चॅनेल गेलं की पोच द्यायला वाटच उरत नाही. काम पूर्ण झालेलं असतं, तरी ब्रोकर तो मेसेज दुसऱ्याला देतो आणि खात्यावर ऊस दोनदा चढतो.

कन्झ्युमर रद्द झाला तरी प्रीफेच केलेले मेसेज तुमच्याकडे असतातच. प्रीफेच म्हणजे पोच न देता एका वेळी किती मेसेज हातात घ्यायचे. रॅबिटएमक्यूच्या क्लायंटमध्ये तो नेमून दिला नाही तर मर्यादाच नसते, आणि स्प्रिंगच्या लायब्ररीत तो मुळात २५० असतो. गणित करून बघा. एका मेसेजला ०.२ सेकंद लागत असेल तर २५० मेसेज एकामागून एक संपवायला ५० सेकंद लागतात. आमच्या ४० सेकंदांत ते बसत नाहीत. आम्ही प्रीफेच २० वर आणला. वेग कमी होईल अशी भीती होती, पण आमच्या काट्यांवरून येणाऱ्या पावत्यांच्या मानानं २० भरपूर झाले. यार्डात अडीचशे गाड्या आत घेऊन ठेवल्या की हंगाम लवकर संपवता येत नाही, तसंच हे.

काफ्काचा जावा कन्झ्युमर एका थ्रेडचाच असतो. दुसऱ्या थ्रेडवरून त्याला बोलावण्याजोगी एकच सुरक्षित पद्धत आहे, वेकअप. इशारा आला की सिग्नलच्या थ्रेडवरून वेकअप करा. पोलमध्ये बसलेला कन्झ्युमर अपवाद टाकून बाहेर येतो. त्या अपवादाला चूक समजून लॉगमध्ये लाल रंगात छापू नका, तो थांबायचा निरोप आहे. मग त्याच थ्रेडवर हातातलं संपवा, ऑफसेट सिंक पद्धतीनं कमिट करा आणि क्लोज करा. क्लोज केल्यानं कन्झ्युमर गटातून रीतसर बाहेर पडतो आणि त्याचे पार्टिशन, म्हणजे त्याला वाटून दिलेले मेसेजचे भाग, लगेच दुसऱ्यांना मिळतात. क्लोज न करता मेला तर तो गेल्याचं गटाला कळायला सेशनची मुदत संपावी लागते. काफ्का ३.० पासून ती मुळात ४५ सेकंद आहे. तेवढा वेळ त्या पार्टिशनमधल्या पावत्या कोणी उचलत नाही. वेगळ्या थ्रेडवर काम सोपवत असाल तर एक जपा: मधला एखादा मेसेज अपुरा असेल तर खूण त्याच्या पुढं नेऊ नका, मागचेच ऑफसेट कमिट करा.

प्रोग्राम एचटीटीपीवरूनही माहिती घेत असेल तर ते दारही याच वेळी बंद होतं. कुबर्नेटिसमध्ये पॉड (कंटेनरचा गठ्ठा) विनंत्या घेणाऱ्यांच्या यादीतून काढणं आणि सिगटर्म पाठवणं या दोन गोष्टी साधारण एकदमच सुरू होतात, त्यामुळं इशारा मिळाल्यावरही काही सेकंद विनंत्या येत राहतात. प्रीस्टॉप हुकमध्ये, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या कामात, ५ सेकंदांचा थांबा टाकला की हे निभतं. मात्र तो थांबा त्याच ३० सेकंदांतून कापला जातो.

आणि वेळेवर चालणारी कामं. आमच्या प्रोग्राममध्ये दर मिनिटाला राहिलेले एसएमएस पुन्हा रांगेत टाकणारा एक टायमर होता. सगळं येणं बंद केलं तरी हा आतूनच नवे मेसेज तयार करायचा. असे टायमर आधी थांबवा.

चौथी पायरी: हातातलं संपवणं

थ्रेड पूलला नवं काम घेऊ नको म्हणून सांगा आणि ठरलेले ४० सेकंद वाट बघा. तेवढ्यात संपलं तर छान. नाही संपलं तर थ्रेडना इंटरप्ट द्या आणि उरलेले मेसेज नॅक करून, म्हणजे नकार कळवून, रांगेत परत ठेवा. नॅक देताना परत ठेवण्याचा पर्याय 'हो' आहे ना, हे डोळ्यांनी बघा. तो 'नाही' असेल तर चांगली पावती थेट डेड लेटर रांगेत, म्हणजे नाकारलेल्या मेसेजच्या रांगेत, जाते, आणि ती रांगच बांधलेली नसेल तर हरवते.

चूक झाल्यावर ३० सेकंद झोपून पुन्हा प्रयत्न करणारा थ्रेड ही या पायरीवरची नेहमीची अडचण. थांबायच्या वेळी तो झोपलेलाच असतो आणि सगळी मुदत खाऊन टाकतो. झोपेऐवजी अशी वाट बघा की जी थांबण्याच्या इशाऱ्यानं मोडते.

पाचवी पायरी: पुढं पाठवायचं पाठवा, मग जोडण्या बंद करा

आपला प्रोग्राम मेसेज घेतो तसे पुढं पाठवतोही. काफ्काचा प्रोड्युसर मेसेज थोडे साठवून पाठवतो, म्हणून बंद करण्याआधी फ्लश करा, म्हणजे साठलेलं पाठवून द्या. रॅबिटएमक्यूमध्ये पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरनं मेसेज घेतल्याची खात्री) चालू ठेवा आणि शेवटच्या मेसेजचं कन्फर्म आल्यावरच जोडणी सोडा. येणाऱ्या मेसेजची पोच मात्र पुढच्या मेसेजचं कन्फर्म आल्यावर द्या, आधी नको. डेटाबेसची नोंद आणि पुढचा मेसेज दोन्ही व्हायलाच हवेत असं असेल तर आउटबॉक्स टेबल वापरा. मेसेज त्याच व्यवहारात टेबलात लिहायचा, आणि वेगळ्या कामानं तिथून ब्रोकरकडे न्यायचा.

त्यानंतर ब्रोकरची जोडणी, मग डेटाबेसच्या जोडण्यांचा पूल, आणि सगळ्यात शेवटी लॉग. जावात एक काळजी घ्या. शटडाउन हुक, म्हणजे प्रोग्राम थांबताना चालणारी कामं, एकापेक्षा जास्त नोंदवले तर ते सगळे एकदमच चालू होतात, त्यांना क्रम नसतो. डेटाबेसचा एक हुक आणि कन्झ्युमरचा दुसरा असं केलं की पावती चढवायच्या आत पूल बंद झालेला असतो. एकच हुक ठेवा आणि त्यात क्रमानं सगळं लिहा. स्प्रिंग वापरत असाल तर टप्प्यांचे क्रमांक द्या: मोठा क्रमांक आधी थांबतो, लहान शेवटी.

सहावी पायरी: तीच पावती दोनदा येणार, असं धरूनच लिहा

वीज गेली, मशीन बसलं, नदी आत आली तर इशारा येतच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा ज्यांचे सर्व्हर तळमजल्यावर होते त्यांना कुणी सिगटर्म पाठवला नाही. कमिट झालं आणि पोच जायच्या आत प्रोग्राम मेला, तर तो मेसेज पुन्हा येणारच. वरच्या पाचही पायऱ्यांनी असे दुहेरी मेसेज कमी होतात, पण थांबत नाहीत.

म्हणून प्रत्येक पावतीला तिची ओळख हवी. आमच्याकडे हंगाम, काटा क्रमांक आणि पावती क्रमांक हे तीन मिळून ती ओळख होते. खातं चढवणाऱ्या टेबलावर या तिघांचा युनिक इंडेक्स आहे, तो तीच नोंद दुसऱ्यांदा घेत नाही. नोंद आणि टनेजची बेरीज एकाच व्यवहारात होते. इंडेक्सनं नोंद नाकारली की बेरीजही होत नाही, आणि प्रोग्राम 'आधीच झालं' समजून पोच देतो. १९.५५० टन एकदाच चढतात. आधी शोधायचं आणि नसेल तर घालायचं, ही पद्धत पुरत नाही, कारण दोन प्रोग्राम एकाच क्षणी शोधू शकतात.

एसएमएस परत घेता येत नाही. तिथं आधी 'पाठवतोय' अशी नोंद करून मग पाठवतो. पुन्हा आलेल्या मेसेजला अशी अर्धवट नोंद सापडली तर आम्ही पुन्हा पाठवतो. शेतकऱ्याला दोनदा एसएमएस आला तर तो एक फोन करतो, आला नाही तर रात्रभर काळजीत राहतो.

सातवी पायरी: मोळी पडायच्या आधी तालीम

चाचणीच्या सर्व्हरवर १,००० पावत्या रांगेत टाका. काम चालू असताना तीनदा सिगटर्मनं थांबवा, तीनदा परत सुरू करा. शेवटी खात्यांच्या टेबलात बरोबर १,००० नोंदी हव्यात आणि रांगेत शून्य. मग तेच सिगकिल देऊन करा. तेव्हाही १,०००च हव्यात. फरक एवढाच की परत आलेल्या मेसेजवर रीडिलिव्हर्डची (पुन्हा दिल्याची) खूण जास्त वेळा दिसेल. आम्ही दरवर्षी गव्हाण पूजनाच्या आधीच्या आठवड्यात ही तालीम करतो, कारण उन्हाळ्यात कोणीतरी लायब्ररी बदललेली असते आणि तिच्या मुदती बदललेल्या असतात.

तालमीत ब्रोकरलाही एकदा बंद-चालू करा. रांग ड्युरेबल (ब्रोकर बंद झाला तरी टिकणारी) आणि मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिलेले) असे दोन्ही असतील तरच पावत्या परत दिसतात. रांग ड्युरेबल आणि मेसेज साधे, हे आम्हाला तालमीतच सापडलं.

लॉगमध्ये थांबतानाच्या चार ओळी ठेवा: इशारा मिळाला, येणं बंद झालं, हातात शिल्लक किती, आणि एकूण किती सेकंद लागले. शिल्लक शून्य नसेल तर त्या पावत्यांचे क्रमांकही छापा. चालू हंगामात नवी आवृत्ती चढवताना तीन सर्व्हर एकदम थांबवू नका. एक थांबवा, त्याची 'हातात शिल्लक: ०' ही ओळ बघा, तो परत उभा राहून रांग ओढायला लागला की दुसरा घ्या. आता हे काम आम्ही रात्री दोनला करत नाही. दुपारी चारला करतो, यार्ड गाड्यांनी भरलेलं असताना, म्हणजे काही राहिलंच तर काट्यावरचा माणूस जागा असतो आणि पावतीची प्रत त्याच्या हाताशी असते.